चिप पुसण्याआधी ती वाचायला लावणाऱ्या दादांना

आदरणीय दादा,
स.न.वि.वि.

वाचनालयाच्या संगणक कक्षातला मिनी पीसी पुन्हा कामाला लागला आहे. विंडोज अपडेटबरोबर बायोसचं (मशीन सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या, बोर्डवरच्या चिपमध्ये साठवलेल्या प्रोग्रॅमचं) अपडेट आपोआप उतरलं, रीस्टार्ट होतानाच वीज गेली, आणि त्यानंतर पंखा फिरतोय, पॉवरचा दिवा लागतोय, पण डिस्प्ले नाही, अशी त्याची अवस्था होती. एका दुरुस्ती केंद्राने बोर्ड बदलायला सांगितलं होतं. तुम्ही फोनवर म्हणालात, "बोर्ड गेला हे कोणी ठरवलं? आधी चिप वाचू." त्या वाक्याबद्दल आणि पुढे जे जे शिकवलंत त्याबद्दल मनापासून आभार. नाव नको म्हणालात, म्हणून ते टाळलं आहे. पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण अशीच मशीन्स रोज भंगारात जातात आणि त्यातली बरीचशी वाचवता येतात.

'बूट होत नाही' या एका तक्रारीखाली तीन वेगवेगळे आजार असतात, हे तुम्ही सगळ्यांत आधी स्पष्ट केलंत. कंपनीचा लोगो दिसत असेल किंवा सेटअपमध्ये शिरता येत असेल, तर बायोस जिवंत आहे. बिघाड सेटिंगचा आहे. अपडेटनंतर सेटिंग मूळपदावर जातात. डिस्कचा मोड (मशीन डिस्कशी बोलतं ती पद्धत) व्हीएमडी किंवा रेड (RAID) वरून एएचसीआय झाला, किंवा उलट झालं, की विंडोज निळ्या पडद्यावर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून थांबतं. तिथे विंडोज नव्याने टाकण्याची गरज नसते, मोड पूर्वीसारखा केला की झालं. जुनी एमबीआर पद्धतीची डिस्क असेल आणि सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट करू देणारी सोय, बंद झालं असेल, तर डिस्क दिसते पण बूट होत नाही. लिनक्स असेल तर बूटच्या यादीतली त्याची नोंदच पुसली गेलेली असू शकते. लाइव्ह पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून ईएफआय बूट मॅनेजर (efibootmgr) या आज्ञेने ती पुन्हा घालता येते. आणि बिटलॉकरने (विंडोजच्या डिस्क-कुलपाने) ४८ आकडी रिकव्हरी की मागितली, तर घाबरायचं कारण नाही. बायोस बदलल्यामुळे टीपीएममधली (कुलपाची किल्ली सांभाळणाऱ्या सुरक्षा-चिपमधली) मोजमापं जुळत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. मात्र एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम (प्रोसेसरमधलाच टीपीएम) रीसेट करायचं का असं विचारलं, तर ती की हाताशी असल्याशिवाय 'वाय' दाबायचं नाही.

दुसरा आजार खरं तर आजारच नाही. अपडेटनंतर रॅमचं ट्रेनिंग (रॅमशी वेग-वेळ जुळवून घेणं) नव्याने होतं. डीडीआर ५ प्रकारची रॅम असलेल्या बोर्डांवर, त्यातही रॅम जास्त असेल तर, काळा पडदा कित्येक मिनिटं राहू शकतो आणि मशीन मध्येच दोन-तीनदा स्वतःहून बंद-चालू होतं. अशा वेळी बटण दाबून धरणं हाच मोठा धोका. पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. त्यानंतरही काही नसेल, तर वायर काढून पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरायचं, बोर्डवरचा सीआर २०३२ सेल दहा मिनिटं बाहेर ठेवायचा, रॅमची एकच पट्टी ठेवून पाहायचं. सेल ३ व्होल्टचा असतो. मल्टिमीटरवर अडीचच्या आसपास दाखवत असेल तर त्याच हाताने नवा टाकावा.

तिसरा आजार म्हणजे बायोस खरोखर अर्धवट लिहिला जाणं. त्यातही मशीन उघडण्याआधी कंपनीने ठेवलेली चोरवाट तपासायची. एचपीच्या लॅपटॉपवर विंडोज आणि बी दाबून धरून पॉवर. डेलमध्ये कंट्रोल आणि एस्केप दाबून धरून चार्जर जोडणे. एमएसआयच्या आणि गिगाबाइटच्या बऱ्याच बोर्डांवर मागच्या बाजूला फ्लॅशचं बटण असतं, फाइलला अनुक्रमे 'एमएसआय डॉट रॉम' आणि 'गिगाबाइट डॉट बिन' असं नाव द्यावं लागतं. पेनड्राइव्ह फॅट ३२ मध्येच फॉरमॅट केलेला हवा, इथे बहुतेक लोक अडतात. कीबोर्डची ही वाट मात्र बूट ब्लॉक (बायोसचा सर्वांत आधी चालणारा भाग) शाबूत असेल तरच चालते, कारण ती वाट शोधणारा कोडच त्या ब्लॉकमध्ये असतो. आमच्या मशीनमध्ये तोच भाग गेला होता, म्हणून कुठलंच बटण दाद देत नव्हतं.

मग बायोसची चिप. आठ पायांची, नखापेक्षा लहान. तिच्यावरचा नंबर वाचण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मोबाइलचा टॉर्च अगदी तिरका धरायला लावलात आणि फोटो मागवलात. सरळ प्रकाशात कोरी दिसणारी काळी चिप तिरक्या उजेडात अक्षरं दाखवते, हे समोर पाहिल्यावरच पटतं. त्या नंबरातलं एक अक्षर सगळं ठरवतं. विनबाँडच्या २५क्यू१२८ चिपवर पुढची अक्षरं जेव्ही किंवा एफव्ही असतील तर ती ३.३ व्होल्टची, जेडब्ल्यू किंवा एफडब्ल्यू असतील तर १.८ व्होल्टची. मॅक्रॉनिक्समध्ये २५एल म्हणजे ३.३ आणि २५यू म्हणजे १.८. गिगाडिव्हाइसमध्ये २५ नंतर लगेच एल आला की १.८. आमची जेडब्ल्यू निघाली. तुम्ही त्यावरही विसंबला नाहीत. क्लिप (चिप वाचण्यासाठी तिच्या पायांवर बसवायचा चिमटा) लावण्याआधी मशीनला वीज देऊन चौथ्या आणि आठव्या पायांमधला व्होल्टेज मोजायला सांगितलंत. १.८ आले, तेव्हा पुढे गेलो.

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळणारा तो काळा सीएच३४१ए प्रोग्रॅमर (चिप वाचण्या-लिहिण्याचं यंत्र) जसाच्या तसा वापरला असता तर? त्याच्या नेहमीच्या काळ्या आवृत्तीत चिपचा पुरवठा ३.३ व्होल्टचा असला, तरी डेटाच्या रेषा ५ व्होल्टवर चालतात. ३.३ ची चिप हे बऱ्याचदा सोसते, १.८ ची चिप आणि तिच्या मागे जोडलेला चिपसेट यांना ते मारक आहे. याच कारणाने चांगले बोर्ड दुरुस्तीच्या टेबलावर मरतात. तुमच्याकडचा, प्रोग्रॅमरला लावायचा १.८ व्होल्टचा ॲडॅप्टर तुम्ही ओळखपाळख नसताना कुरिअरने पाठवलात, हे आम्ही विसरणार नाही.

क्लिप लावताना लाल वायर चिपच्या ठिपक्याकडे, म्हणजे पहिल्या पायाकडे. मशीनचा ॲडॅप्टर काढलेला, सेलही काढलेला. लॅपटॉप असेल तर बॅटरीची पिनही. सगळं शून्य किंवा सगळं एफएफ (बाइटची सर्वांत मोठी किंमत) वाचलं गेलं तर क्लिप टेकलेली नाही. चिप ओळखलीच जात नसेल, तर प्रोग्रॅमरची वीज चिपपुरती न राहता बोर्डभर पसरते आहे आणि व्होल्टेज खाली बसतंय, असं समजावं. तेव्हा हॉट एअरने चिप उचलून बाहेरच वाचणं शहाणपणाचं. तुमचा नियम होता: दोन डंप (चिपमधल्या मजकुराच्या प्रती) घ्या, दोघांचा हॅश (फाइलचा ठसा) काढा, तंतोतंत जुळल्याशिवाय लिहिण्याच्या बटणाला हात लावू नका. २५क्यू१२८ म्हणजे १२८ मेगाबिट, म्हणजे १६ एमबी, म्हणजे डंप बरोबर १,६७,७७,२१६ बाइटचा हवा.

हा डंप खराब बायोसचा असतो, मग तो जपायचा कशाला, असं अनेकांना वाटतं. त्याचं उत्तर तुम्ही हेक्स एडिटर (फाइलचे बाइट दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून दाखवलंत. मशीनच्या तळाच्या स्टिकरवरचा अनुक्रमांक डंपमध्ये शोधला, सापडला. विंडोजची २५ अक्षरी की, चार आडव्या रेघांसकट, तीही सापडली. इंटेलच्या लॅनचा मॅक पत्ता (नेटवर्कसाठीचा ओळख-क्रमांक) स्वतःच्या वेगळ्या विभागात होता. मॅनेजमेंट इंजिनाचा (चिपसेटमधल्या छोट्या स्वतंत्र संगणकाचा) विभाग तर त्या बोर्डासाठी जुळवलेला असतो. दुसऱ्या मशीनचा डंप तसाच मारला, म्हणजे चिपमध्ये लिहिला, आणि तो विभाग बिनसला, तर काही मशीन अर्ध्या तासाने आपोआप बंद पडतात आणि कारण महिनोन्‌महिने सापडत नाही. 'इंटरनेटवरून डंप मिळाला, मारला, चालू झालं' या दुरुस्तीत मशीनची ही ओळख पुसली जाते.

नुकसान नेमकं कुठे झालंय ते शोधण्याची तुमची पद्धत आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. फ्लॅश चिपमध्ये लिहिण्याआधी तो तुकडा पुसावा लागतो, आणि पुसला की सगळे बाइट एफएफ होतात. वीज गेली ती पुसणं आणि लिहिणं यांच्या मधल्या क्षणी. पण बायोसमध्ये रिकामी जागाही एफएफच असते, म्हणून नुसत्या एफएफच्या रांगा पाहून निष्कर्ष काढता येत नाही. कंपनीची त्याच आवृत्तीची फाइल शेजारी उघडून, एकाच जागी तिच्यात कोड आणि आपल्याकडे एफएफ आहे का, हे पाहावं लागतं. तसा सलग पट्टा बायोस विभागाच्या शेवटाकडे मिळाला, प्रोसेसर सुरू होताना सर्वांत आधी जिथला कोड वाचतो तिथेच.

कंपनीची फाइलही थेट मारण्यासारखी नव्हती. आकार १,६७,७९,२६४ बाइट, म्हणजे २,०४८ बाइटचं कॅप्सूलचं (अपडेटच्या वेष्टनाचं) डोकं वर बसलेलं. ते न काढता मारलं असतं तर सगळा मजकूर २,०४८ बाइटने सरकला असता. काही कंपन्यांच्या फाइलमध्ये फक्त बायोस विभाग असतो, पूर्ण चिप नव्हे. म्हणून यूईएफआय टूल या प्रोग्रॅममध्ये उघडून तपासायचं, आणि इंटेलच्या पूर्ण फाइलच्या सुरुवातीला, शून्यापासून मोजत सोळाव्या बाइटपासून, '५ए ए५ एफ० ०एफ' ही खूण आहे का ते बघायचं.

जोडणी अशी झाली: डिस्क्रिप्टर (चिपमधल्या विभागांचा नकाशा), मॅनेजमेंट इंजिन आणि लॅनचे विभाग जुन्या डंपमधून, बायोस विभागातला कोड नव्या फाइलमधून, एक बाइटही न बदलता, आणि त्याच विभागातला एनव्हीरॅम (सेटिंग साठवण्याची जागा) व अनुक्रमांक-कीचा तुकडा पुन्हा जुन्या डंपमधून. कोड न बदलण्यावर तुम्ही एवढा भर का दिलात ते नंतर उमगलं. इंटेलच्या चौथ्या पिढीपासून (२०१३) आलेलं बूट गार्ड ज्या बोर्डांवर चालू असतं, तिथे चिपसेटमध्ये कायमची कोरलेली खूण कोडच्या सहीशी ताडून पाहिली जाते. सही जुळली नाही तर लेखन निर्दोष असूनही पडदा काळाच राहतो. शेवटी फ्लॅशरॉम या प्रोग्रॅमला डिस्क्रिप्टरचा आराखडा वाचायला लावून फक्त बायोस विभाग लिहिला. लिहून झाल्यावर तो स्वतः पुन्हा वाचून पडताळतो. तो 'व्हेरिफाइड' शब्द येईपर्यंत क्लिपला धक्का लागू द्यायचा नाही.

पहिल्या वेळी मशीन दोनदा स्वतःहून बंद-चालू झालं आणि मग लोगो आला. अनुक्रमांक तोच, विंडोज ॲक्टिव्हेटेड, मॅक पत्ता तोच. तारीख आणि डिस्कचा मोड तेवढा लावावा लागला.

तुमच्या सांगण्यावरून आता कक्षातल्या सगळ्या मशीनच्या सेटअपच्या पानांचे फोटो काढून ठेवले आहेत, बिटलॉकरच्या की कागदावर उतरवल्या आहेत आणि बायोस अपडेट यूपीएसवर, बिटलॉकर तात्पुरतं थांबवून, दिवसाउजेडीच करायचं ठरलं आहे. या मशीनचे दोन्ही डंप, खराब आणि जुळवलेला, वेगळ्या डिस्कवर तारखेसह ठेवले आहेत. त्याच मॉडेलचं मशीन तुमच्याकडे दुरुस्तीला आलं आणि ताडून पाहायला नमुना हवा असेल, तर अनुक्रमांक आणि की काढून टाकलेली प्रत लगेच पाठवू.

तुम्ही मजुरी घेतली नाहीत, त्यावर पुन्हा वाद घालत नाही. १.८ व्होल्टचा ॲडॅप्टर मात्र आज कुरिअरने परत निघाला आहे. क्लिपच्या सातव्या पिनची स्प्रिंग सैल वाटली, म्हणून सोबत नवी क्लिप ठेवली आहे. तेवढी नाकारू नका.

आपले कृतज्ञ,
वाचनालयाच्या संगणक कक्षाची मंडळी