रोंडाहून निघण्याआधी वाच

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

काल रात्री बोलता बोलता तू फोन ठेवलास, तेव्हा मी पुन्हा लावला नाही. स्पेनमधल्या सुटीचे शेवटचे दोन दिवस बापाशी वाद घालण्यात जावेत अशी माझी इच्छा नाही, म्हणून लिहायला बसलो. आणि रोंडाहून मालागाच्या विमानतळापर्यंत रात्री गाडीने जाण्याच्या तुमच्या बेताविषयी यात एक अक्षरही लिहिणार नाही, असे आईला कबूल केले आहे.

तुझे फोटो पोहोचले. आल्हांब्रा राजवाड्यातल्या सिंहांच्या चौकात बाकीचे सगळे कॅमेऱ्याकडे पाहत असताना तू तेवढी वाकून पाण्याचा पाट पाहते आहेस, तो फोटो मी मोठा करून पुन्हा पुन्हा पाहिला. दारो नदीचे पाणी दूर वरच्या बाजूला अडवून, पाटाने केवळ उताराच्या बळावर त्या टेकडीवर खेळवणाऱ्यांचे मला राजांपेक्षा अधिक कौतुक वाटते. कासचे पाणी साताऱ्यात असेच उताराने येते हे तुला मी पहिल्यांदा सांगितले तेव्हा तू विचारले होतेस, ‘मग ते वाटेत थांबत का नाही?’ त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला कागद-पेन्सिल घ्यावी लागली होती. कॉर्दोबाच्या मशिदीत जुन्या रोमन इमारतींमधून आणलेले खांब उंचीला कमी पडले, म्हणून कमानीवर दुसरी कमान चढवून छत वर नेले, हे तू आईला फोनवर समजावत होतीस तेव्हा मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत नव्हतो, तुझे बोलणे ऐकत होतो. सेव्हिलच्या हिराल्दा मनोऱ्यावर पायऱ्यांऐवजी ३५ उतरणी आहेत, हे कळल्यापासून आईने मात्र आपले गुडघे तेवढे चढतील असे जाहीर केले आहे.

आता रोंडा. तिथला नवा पूल वरून पाहून परत फिरू नकोस. दरीत उतरणाऱ्या पायवाटेने खाली जा आणि खालून वर बघ. ९८ मीटर उंचीचे ते दगडी काम १७५९ मध्ये सुरू झाले आणि १७९३ मध्ये पुरे झाले, म्हणजे ज्यांनी पाया घातला त्यांतल्या अनेकांनी तो पूर्ण झालेला पाहिलाही नसेल. त्याच्या आधीचा पूल अवघ्या आठ महिन्यांत उभा केला होता आणि १७४१ मध्ये तो कोसळून सुमारे ५० माणसे गेली. घाईने केलेल्या कामाचे असे होते. घाईने केलेल्या प्रवासाचेही तेच होते, आणि एका रात्रीच्या खोलीचे पैसे वाचवण्यासाठी दिवसभर उन्हात पायपीट केलेल्या मुलाने मध्यरात्री डोंगरातल्या वळणांवर गाडी हाकायची, ही मला काटकसर वाटत नाही.

पाहा, आलोच मी तिथे. तो केरळचा मुलगा गाडी चांगली चालवतो, तिकडे उजव्या बाजूने चालवण्याची त्याला सवय झाली आहे, रस्ते उत्तम आहेत, हे सगळे तू सांगितलेस आणि मला पटलेही. पण ऑगस्ट २०१६ मध्ये सावित्रीवरचा पूल वाहून गेला त्यानंतरच्या सकाळी मी महाडला उभा होतो, आणि पुढे रस्ताच उरलेला नाही हे त्या अंधारात, त्या पावसात कोणाला दिसले असेल, हा विचार नोकरीत असेपर्यंत आणि नंतरही माझ्या डोक्यातून गेला नाही. तुमच्या रस्त्यावर असे काही होणार नाही, ही तुलना गैरलागू आहे, हे मलाही कळते. झोप मात्र कुठल्याही देशाच्या रस्त्यावर लागते. बाळूच्या वेळीही रस्ता चांगलाच होता.

हे व्याख्यान झाले, त्याबद्दल रागावू नकोस. तू चोवीस वर्षांची आहेस, म्युनिकमध्ये एकटी राहतेस, परक्या भाषेत परीक्षा देतेस, आणि आंबेनळी घाटात माझ्या जीपमध्ये पुढे बसून प्रत्येक वळण मोठ्याने मोजणारी मुलगी मी अजून मनातून काढलेली नाही, यात तुझा काही दोष नाही. तेव्हा वळणे मोजता मोजता तू पोलादपूरच्या आधीच झोपायचीस आणि मी गाडी आणखी सावकाश घ्यायचो.

संध्याकाळी पुलावरून सूर्यास्त पाहायचा आहे, हा तुमचा मुद्दा योग्य आहे. मग तो पाहून रात्री रोंडातच राहा आणि विमान दुपारचे घ्या, किंवा तो आदल्या दिवशी पाहून दुसऱ्या दिवशी उजेडी मालागाला जा आणि विमानतळाजवळ झोपा. तिकीट बदलण्याचा खर्च किंवा खोलीचे भाडे, जे काही होईल ते दादा त्याच्या कार्डाने भरायला तयार आहे, आणि ते फक्त तुझ्यापुरते नाही, चौघांचेही. त्यामुळे मित्रांपुढे तुला संकोच वाटण्याचे कारण नाही. इतके करूनही तुम्ही रात्रीच निघालात, तर निदान गाडी सुरू करण्यापूर्वी त्या मुलाला दोन-तीन तास झोपू द्या, आणि तू पुढच्या सीटवर बसून त्याच्याशी बोलत राहा.

आईने हे पत्र वाचले. कबूल केलेले एक अक्षर कुठे आहे, असे ती विचारते आहे. दादाला किती वाजेपर्यंत सांगायचे तेवढे कळव.

तुझे,
बाबा