काकींची बरणी

पुणे, 10 एप्रिल

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तात्यांच्या बांधाचा विषय काढला की बाबा, तुमचा आवाज चढतो आणि आई, तू "ठेव आता, दूध उतू जाईल" म्हणतेस. म्हणून लिहायलाच बसले. दोघांनी मिळून वाचा. बाबांनी मोठ्यानं वाचावं, मधलं काही न गाळता.

मोजणीचा अर्ज मी भरला. शिमग्याला आले होते, बाबांनी सातबारा पुढ्यात ठेवला आणि पडवीत बसून मी अर्ध्या तासात अर्ज भरला, फीही भरली. हद्द कायम करायची मोजणी घातली की भूमी अभिलेख कार्यालयाची नोटीस लगतच्या खातेदारांना जाते, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण लगतचा खातेदार म्हणजे आपले तात्या, ज्यांच्या खांद्यावर बसून मी जत्रा बघितली ते, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. त्याचं मला फार वाईट वाटतं.

ते नोटीस घेऊन अंगणात आले, ते आईनं मला सांगितलं. चपलाही काढल्या नाहीत. तू चहाचं विचारलंस तर म्हणाले, "वहिनी, चार पावलांवर घर आहे माझं. पोस्टमनच्या हातून कळवायचं?" आणि वळले. त्या दिवसापासून दोन्ही घरांतलं बोलणं बंद. आता निरोप जातात ते डेअरीवरच्या पोरामार्फत.

बाबा, बांध सरकलाय यात मलाही शंका नाही. आजोबांच्या वेळी लिंबाचं झाड बांधाच्या मधोमध होतं. आज त्याची मुळं तात्यांच्या नांगरटीत उघडी पडलीत. पण तात्या रात्री कुदळ घेऊन बांध कोरत बसले, असं जे तुम्ही पारावर बोललात, ते मला पटत नाही. भाड्याचा ट्रॅक्टरवाला दर साली नांगराचं एखादं तास जास्तीचं ओढतो, आणि त्याला कोणी अडवत नाही. दोनशे फुटांचा बांध असाच पाच फूट आत आला की जवळजवळ गुंठा गेला. तात्यांनी काणाडोळा केला असेल, तो त्यांचा दोष. पण काणाडोळा करणं आणि चोरी करणं यांत फरक आहे, आणि तुम्ही चारचौघांत चोरीच म्हणालात.

म्हणून मोजणी मागे घ्या असं मी म्हणणार नाही. भूकरमापक येऊ दे, खुणा करू दे, नकाशाची क प्रत हातात पडू दे. तात्यांना ती मान्य नसेल तर निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागायचा त्यांना हक्क आहे. जमिनीचं भांडण जमिनीवरच मिटेल. मला काळजी आहे ती दुसऱ्याच गोष्टीची.

आजीच्या वर्षश्राद्धाला काकी म्हणाल्या होत्या, "सहा वर्षं गू-मूत आम्ही काढलं, तुम्ही पाहुण्यासारखे आलात." बाबा तिथल्या तिथे म्हणाले, "दर महिन्याला पैसे कोण पाठवत होतं?" दोघांचंही खरं. सहा वर्षांची जागरणंही खरी आणि तुमच्या नोकरीतून पोटाला चिमटा घेऊन पाठवलेले पैसेही खरे. पण आजवर एकानंही दुसऱ्याला "तू केलंस, मला माहीत आहे" म्हटलेलं मी ऐकलं नाही. आणि आई, तू त्या दिवशी "जाऊ दे" म्हणालीस, पण ते तू जाऊ दिलेलं नाहीस. तेव्हापासून काकींच्या उंबऱ्यात तू पाय ठेवलेला नाहीस.

मी मध्यस्थीचं 40 तासांचं प्रशिक्षण घेतलं तेव्हा सगळ्यात अवघड गेली ती एकच गोष्ट. समोरच्याला उत्तर द्यायच्या आधी त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत त्याला सांगायचं, आणि तो "हो, हेच" म्हणेपर्यंत आपली बाजू मांडायची नाही. ऐकायला सोपं वाटतं. दुखावलेल्या माणसाला ते करताना घाम फुटतो. मध्यस्थीच्या खोलीतलं बाहेर सांगायचं नसतं, पण "हो, हेच" म्हटल्यावर माणसाचे खांदे खाली येतात, ते मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

बाबा, तुम्ही तात्यांना सकाळी धार काढून झाल्यावर गोठ्यात गाठा. एकटेच जा. सरपंच नको, पार नको. चार माणसांदेखत कुणालाच मागे हटता येत नाही. एवढंच म्हणा: "तात्या, मोजणी होणार आहे. पण कागद तुझ्या दारात यायच्या आधी मी यायला पाहिजे होतं. आईचं तू केलंस, ते मी कधी बोललो नाही." आणि थांबा. "पण तूही" हे शब्द तोंडातून येऊ देऊ नका. ते चिडतील, जुनं उकरून काढतील. काढू द्या. लिंबाचा विषय त्या दिवशी नकोच. जमिनीवरचा तुमचा हक्क यातून तसूभरही कमी होत नाही, हे मी वकील म्हणून सांगते.

आणि एवढं करूनही जमलं नाही, तर दावा दाखल करायच्या आधीच तालुका विधी सेवा समितीकडे जाता येतं. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीला 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं कोर्टाच्या हुकूमनाम्याचा दर्जा आहे आणि त्यावर अपील नाही. दिवाणी दाव्यात दोन भावांची उरलेली वर्षं जातात. ते मी रोज बघते, आणि तुमचं तसं झालेलं मला बघवणार नाही.

मोजणी 28 ला आहे. मी 26 ला संध्याकाळी पोचते, आणि पिशवी ओट्यावर ठेवून आधी तात्यांकडे जाणार आहे. अर्ज मी भरला, हे त्यांना माझ्या तोंडून कळू दे.

आई, काकींची लोणच्याची चिनी मातीची बरणी अजून आपल्या फडताळात आहे ना? ती धुऊन उन्हात ठेव. परसातल्या कैऱ्या उतरवून ठेव, आल्यावर मी फोडून देते. भरलेली बरणी परत द्यायची ती तुझी रीत आहे, आणि या वेळी ती तू स्वतः घेऊन जा.

तुमची,
माई