बाईंडर काका, तुम्ही ती पानं वाचली नाहीत

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

हे पत्र दुकानात आणून दिलं असतं तर तुम्ही ते न वाचता गल्ल्याखाली सरकवलं असतं आणि "आधी चहा घे" म्हणाला असतात. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते. तुमचं नाव घालत नाही, ते तुम्हाला आवडायचं नाही. मेन रोडच्या मागच्या बोळात ज्यांनी कधी पुस्तकं बांधून घेतली आहेत ते तुम्हाला ओळखतीलच.

बाबांचे जादूचे प्रयोग नाशिककरांनी शाळांत, सोसायट्यांत, गणपतीच्या मांडवांत पाहिलेले आहेत. ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण त्याशिवाय तुम्ही काय केलंत ते कळणार नाही. बाबा झगमगीत अंगरखा घालत नाहीत. जादूगार पी. सी. सरकारांनी महाराजाच्या पोशाखात 'इंद्रजाल' हा आपला जादूचा प्रयोग जगभर नेला, त्यांच्याविषयी बाबांना केवढा आदर आहे! पण स्वतःसाठी त्यांनी वाट धरली ती रॉबेर-हूदँ या फ्रेंच जादूगाराची. मूळचा घड्याळजी. एकोणिसाव्या शतकात त्याने मांत्रिकाचा झगा बाजूला ठेवला आणि समोरचे प्रेक्षक घालत तसलाच साधा कोट घालून तो रंगमंचावर उभा राहिला. बाबाही झब्बा-पायजम्यात उभे राहतात, बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या. संगीत नाही, धूर नाही. एक तांब्या असतो, तो प्रयोगभर अधूनमधून रिकामा होतो आणि प्रत्येक वेळी त्यातून पुन्हा पाणी पडतं. बोलणं कीर्तनकारासारखं सावकाश. सुरुवातीला ते आवर्जून सांगतात की आपल्या त्र्यंबकेश्वरात 1870 साली जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमाच्या आधी 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादूचे प्रयोग करत असत. पोरं लगेच मनातल्या मनात नाव उलटं वाचून बघतात आणि हसतात. बाबांना तेवढं पुरतं. समोरचा हसला की पहिला खेळ.

पण खरी त्यांची शैली दिसते ती दोराच्या खेळात. समोरच्याच कुणाकडून तरी कपडे वाळत घालायचा दोर मागवतात, एका मुलाला वर बोलावतात, घरातल्या कात्रीने त्याच्याच हातून दोर कापून घेतात. दोन तुकडे. टोकं मुलाच्या मुठीत. मग थांबतात. खूप वेळ थांबतात. मुलगा मूठ उघडतो तर दोर अखंड. टाळ्या पडतात तेव्हा बाबा स्वतः मागे सरकतात आणि म्हणतात, "मी नाही, यानं केलं." वर आलेल्या माणसाला त्यांनी कधी वेड्यात काढलेलं मी पाहिलं नाही. पुष्कळ जण काढतात, खिशातून अंडं काढून दाखवतात, लोक त्याला हसतात. बाबांच्या लेखी स्टेजवर आलेला माणूस पाहुणा.

असा माणूस पुस्तक विकणार कसा? प्रयोग संपला की लोक विचारतात, पोरांना शिकायचं असतं, म्हणून बाबांनी पुस्तक लिहिलं. अर्ध्यात आठवणी, अर्ध्यात घरी करता येण्याजोगे खेळ, आणि शेवटी, खूप विचार करून, दोराचा खेळ. किंमत 150 रुपये. पण "बाहेर पुस्तक मिळेल" हे एक वाक्य स्टेजवरून बोलायला ते तयार नाहीत. त्यांच्या मते त्या वाक्यासरशी सगळा प्रयोग जाहिरात होऊन जातो. ज्यांना पुस्तकांचा धंदा माहीत आहे ते सांगतील, अशी पुस्तकं खपतात ती पडदा पडल्यानंतरच्या पंधरा मिनिटांत. टाळ्या हातात गरम असतात तेव्हा. सभागृहवाले मात्र सहसा टेबल लावू देत नाहीत, मंडळाला मांडव रिकामा करायचा असतो. धुळ्याहून, मालेगावहून, येवल्याहून फोन येत, त्यांना आम्ही टपालाने पाठवत होतो. डिसेंबर 2024 मध्ये टपाल खात्याने छापील पुस्तकांसाठीची स्वस्त रजिस्टर सेवा एकाएकी बंद केली. देशाची टपाल तिकिटं ज्या नाशिकरोडला छापली जातात, तिथून चार थांब्यांवर राहणाऱ्या आम्हाला दीडशेचं पुस्तक पाठवणं परवडेनासं झालं.

त्याच अडचणीत एक वितरक भेटले. गोड बोलले. सगळा साठा उचलून नेला, विक्री अथवा परत या बोलीवर. पुढे हिशेब नाही, फोन उचलणं नाही, आणि दुकानात चौकशी केली तर पुस्तक आलेलंच नाही. 1 मे 2025 ला 'ज्ञान पोस्ट' सुरू झाली, 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपयांत पाकीट जायला लागलं, पण तोपर्यंत आमच्याकडे पाठवायला प्रतच नव्हती. भर पावसाळ्यात एका सकाळी खोकी आमच्या फाटकाबाहेर टाकून टेम्पो निघून गेला. बेल वाजवायचीही तसदी नाही. खोकी तळापासून भिजलेली. पाठीचा गोंद सुटलेला, पानं फुगलेली, एका प्रतीची दुसरीत मिसळलेली. बाबा पायरीवर बसून एकेक पान सोडवत होते आणि एक शब्द बोलत नव्हते. ज्यांनी छपाई केली त्यांना दाखवलं तर म्हणाले, रद्दीत घाला, किलोवर जाईल. ते गृहस्थ हे वाचत असतील तर वाचोत. तुम्ही लावलेला गोंद पहिल्या ओलीत सुटला, हे मी त्या दिवशी बोलले नाही. आज बोलते.

आणि मग तुम्ही, काका.

तुम्ही एक पान उचललंत, बोटांत चोळून पाहिलंत आणि म्हणालात, "कागद बरा आहे. माणसंच घाईची." बस. वाळवण, वजनाखाली दाबणं, दाभणाने भोकं पाडून शिवणं, नवी खळ, नवा पुठ्ठा, ते सगळं तुमच्या हातचं काम, मी त्यात शिरत नाही. मला त्या दुपारविषयी लिहायचं आहे, जेव्हा मी काही न कळवता दुकानात आले.

तुम्ही दाराकडे पाठ करून बसला होतात. समोर सुट्या पानांचा ढीग. पानं मिसळलेली, म्हणजे प्रत्येक पान उचलून क्रमांक बघितल्याशिवाय गती नाही. आधीची पानं तुम्ही झरझर लावलीत. शेवटच्या प्रकरणाची पानं आली आणि तुम्ही पुठ्ठ्याची एक रुंद पट्टी घेतलीत, पानावर आडवी ठेवलीत, खालचा क्रमांक तेवढा उघडा. बघितलंत, पान पालथं करून गठ्ठ्यावर ठेवलंत. पुढचं पान. पुन्हा पट्टी. मला वाटलं डोळ्यांना त्रास होत असेल. विचारलं तर म्हणालात, "मथळा दिसला दोराचा. दिवाळीच्या सुट्टीत नातीला घेऊन तुमच्या वडिलांच्या प्रयोगाला यायचंय. आधीच कळलं तर मग काय राहिलं?"

काका, प्रत्येक प्रतीला तुम्ही हे केलंत. ढीगभर प्रती. कुणी पाहणार नव्हतं. मी त्या दिवशी आले नसते तर मलाही कळलं नसतं. बाबांचं आयुष्य लोकांची नजर दुसरीकडे वळवण्यात गेलं, आणि इथे एक माणूस गुपित हातात असताना आपली नजर आपणच झाकत होता. घरी येऊन बाबांना सांगितलं. ते उठून आत गेले, बऱ्याच वेळाने बाहेर आले आणि म्हणाले, "इतका मान मला स्टेजवर कुणी दिलेला नाही." खोकी आली त्या सकाळपासून पुढचा प्रयोग लावायचा नाही असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः फोन करून सभागृहाची तारीख घेतली.

तुम्हाला वाटेल, एवढ्याशा गोष्टीचं काय. पण आम्हाला वर्षभर भेटलेल्या माणसांनी आमची वस्तू हाताळली ती आमची आहे हे विसरून. सचोटी म्हणजे पैशाला हात न लावणं एवढंच नसतं. दुसऱ्याच्या हातात ज्याची मजा आहे, ती त्याच्याच हातून घ्यायला थांबणं, हेही त्यातच येतं. चिठ्ठी पोचवताना न उघडणारा माणूस, दुसऱ्याच्या ताटात न डोकावणारा माणूस, अशी माणसं आपल्या गावात अजून आहेत. त्यांच्यामुळे बाबांसारख्यांचं चालतं.

दिवाळीच्या सुट्टीतल्या त्या प्रयोगाला तुम्ही आलात. मी बाजूच्या पडद्यामागून तुमच्याकडेच बघत होते. कात्री चालली तेव्हा तुम्ही पुढे वाकलात, आयुष्यभर दोरा हाताळलेला माणूस जसा बघेल तसे. मुठीतून अखंड दोर निघाला आणि तुम्ही नातीच्या आधी टाळी वाजवलीत. नंतर पुस्तकाच्या टेबलापाशी रांगेत उभे राहिलात. तुम्हीच शिवलेली प्रत. मी पैसे नको म्हणाले तर तुम्ही दीडशे रुपये टेबलावर ठेवलेत आणि नातीला म्हणालात, "आता वाचू."

त्या संध्याकाळी टेबलावरच्या सगळ्या प्रती गेल्या. उरलेल्या घरी नीट कोरड्या जागी आहेत, धुळ्याची आणि येवल्याची पाकिटं रवाना झाली. वितरकांचा हिशेब अजून आलेला नाही, तो मागत राहणार आहे.

तुम्ही मात्र बिल दिलेलं नाही. दर वेळी "बघू नंतर" म्हणता. शनिवारी सकाळी मी आणि बाबा दोघं दुकानात येतोय. दोरा, पुठ्ठा, खळ आणि मजुरी, चारही आकडे कागदावर लिहून ठेवा. आणि नातीला सांगा, दोराच्या खेळात तिची मूठ कुठे अडते आहे ते बाबा समोर बसून दाखवणार आहेत, तेव्हा तिनेही यायचं.

आपली,
तुमच्या जादूगाराची मुलगी
नाशिक