काटा शून्यावर असला तरी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुला पिगिंगच्या, म्हणजे पाइपलाइन आतून साफ करायच्या, गँगवर घातलंय हे कळलं. फोनवर 'छान' म्हणालो खरा, पण रात्रभर डोळा लागला नाही. माझा डावा हात मनगटापासून कसा गेला, ते तुला अर्धंच माहीत आहे. उरलेलं आज लिहितो.

त्या दिवशी पिग, म्हणजे लाइनमधून सरकत गाळ ओढून आणणारा बोळा, रिसीव्हरमध्ये, म्हणजे लाइनच्या टोकाच्या दार असलेल्या नळकांड्यात, येऊन थांबला होता. मेन व्हॉल्व्ह बंद, आतला गॅस बाहेर सोडायचा व्हेंट उघडा, दाबाच्या गेजचा काटा शून्यावर. माझा जोडीदार दारासमोर, मी बाजूला, हात तेवढा हँडलवर. पिगने ओढून आणलेल्या काळ्या गाळाने व्हेंटचं तोंड आतून बुजलं होतं आणि गेज त्याच नळीवर बसवलेला. बिचारा काय दाखवणार? त्यात मेन व्हॉल्व्ह पास होत होता, म्हणजे बंद असूनही आत गॅस सोडत होता. हँडल जरा फिरलं आणि दार सुटलं. आवाज मला आठवत नाही. जोडीदार जागीच गेला. त्याच्या बायकोला 'काटा शून्यावर होता' याच्या पुढे मला काही सांगता आलं नाही.

१२ इंची दारावर एक बार म्हणजे जवळपास साडेसातशे किलोंचा रेटा. शंभर बारच्या गेजवर तो एक बार जेमतेम रेघभर. बघणाऱ्याला शून्यच वाटतो. पाण्याने टेस्ट करताना गळती झाली तर दाब चटकन उतरतो, कारण पाणी दबून बसत नाही. गॅस दबून बसतो, आणि वाट मिळाली की सगळा एकदम बाहेर येतो.

म्हणून व्हेंट उघडलास की कान दे. गॅस फुसफुसत बाहेर पडला का? काहीच आवाज आला नाही तर लाइन रिकामी झाली असं धरू नकोस, व्हेंट बुजलाय असं धर. दुसऱ्या नळीवरचा गेज बघ. फ्लँज, म्हणजे पाइपांचा बोल्टचा जोड, सोडताना आपल्यापासून लांबचे बोल्ट आधी सैल कर, नट पूर्ण काढू नकोस. आणि नायट्रोजन मारलेल्या लाइनमध्ये डोकं घालायचं नाही. दोन श्वासांत माणूस कोसळतो, वासही येत नाही.

उशीर झाला म्हणून वरून फोन येतील. येऊ देत. परमिटवर सही तुझी आहे.

दारासमोर कुणी उभा दिसला तर आधी त्याला बाजूला घे, मग काय ते बोल. आणि काम आटोपलं की मला फोन कर, कितीही वाजले तरी.

तुझे बाबा