दोन किल्ल्या

ती. आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगायचं म्हणून मी तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा तब्येतीची चौकशी करून ठेवून दिला. बाबांना फोनवर निम्मं ऐकू येत नाही, मग आई शेजारी उभी राहून माझं वाक्य त्यांच्या उजव्या कानाशी पुन्हा म्हणते. हे मला तसं पोचवायचं नाही. बाबा, तुम्ही चष्मा लावून स्वतः वाचा आणि मग आईकडे द्या.

मागच्या खेपेला तुमचा करडा स्वेटर धुवायला घेतला तेव्हा खिशात काडतुसं लागली. दोन. ती पत्र्याच्या डब्यात नेऊन ठेवली आणि आईची वही उघडली. वहीत १४ लिहिलेलं. डब्यात १२ होती, ही दोन मिळून १४. हिशेब जुळला, तरी त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्या घरात काडतूस डब्याबाहेर राहिलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं.

सकाळी आईला विचारलं. तिने आधी टाळलं, मग सांगितलं. त्याच्याकडे येते, पण आधी थोडं मागचं लिहू द्या. मी जे मागणार आहे ते तुमच्याच शिकवणीतून आलेलं आहे, हे तुम्हाला दिसायला हवं.

आजोबांची दुनळी बंदूक आमच्यासाठी घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखी होती. तिच्याशी खेळायचं नाही, तिच्यासमोरून जायचं नाही. लोखंडी कपाटाची किल्ली बाबांच्या करगोट्याला, काडतुसांच्या पेटीची आईच्या जुडग्यात. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात आईने ही अट घातली होती, असं तीच सांगते: बंदूक घरात राहू दे, पण ती भरायला दोन माणसं लागली पाहिजेत. एकट्याच्या रागाला किंवा एकट्याच्या भीतीला ती उघडायची नाही. लहानपणी मला तो आईचा हट्ट वाटायचा. आता मला स्वतःचं मूल आहे, आणि वाटतं की आम्ही दोघं भावंडं त्या दोन किल्ल्यांमधल्या अंतरात सुखरूप वाढलो.

चार नियम तुम्ही पाढ्यांसारखे पाठ करून घेतलेत, बाबा. कुठलीही बंदूक भरलेलीच समजायची. ज्याला इजा व्हायला नको त्याच्याकडे नळी वळवायची नाही. नेम धरेपर्यंत बोट चापावर न्यायचं नाही. आणि बार कशावर काढतोय, त्याच्या मागे काय आहे, हे नीट ओळखल्याशिवाय काढायचा नाही. पुढे वाचताना कळलं की हे नियम या रूपात अमेरिकेतले नेमबाजीचे शिक्षक जेफ कूपर यांनी मांडले आणि आता जगभर शिकवले जातात. आम्हाला ते तुमचेच वाटायचे. दादाने एकदा काठीची बंदूक करून माझ्यावर रोखली, तर तुम्ही महिनाभर त्याला सफाईच्या वेळी जवळ येऊ दिलं नाही. काठीवर लागलेली सवय बंदुकीवर सुटत नाही, म्हणालात. तेव्हा दादा रडला होता. आज तो आपल्या मुलांना हेच सांगतो.

सफाईचा रविवार मला अजून वासासकट आठवतो. तुम्ही दुनळी वाकवून उघडायचात, आम्ही चौघांनी एकेक करून काडतुसांची दोन्ही घरं बघायची आणि मोठ्याने ‘रिकामी’ म्हणायचं. चौघांचं म्हणून झाल्याशिवाय तेलाची बाटली उघडायची नाही. मग गज, चिंध्या, तेल. बाराबोअर म्हणजे काय हे तुम्ही तिथेच सांगितलंत: एक पौंड शिशाचे १२ सारखे गोळे केले तर एका गोळ्याचा जो व्यास, तो नळीचा व्यास, साधारण साडेअठरा मिलिमीटर. २० गोळे केले तर गोळा लहान होतो, म्हणून वीस बोअरची नळी बाराबोअरपेक्षा बारीक. आकडा वाढला की नळी आकसते, याची मला फार गंमत वाटायची. शेवटी तुम्ही उघडी बंदूक खिडकीकडे धरायचात आणि मी मागच्या बाजूने नळीत बघायचे. आत उजेडाची कडी एकात एक बसलेली असायची. ‘दिसतंय का स्वच्छ?’ विचारायचात. मी हो म्हटलं की काम संपलं. मग साबणाने हात, कारण शिसं पोटात जायला नको.

एकदा काडतूस उडालं नाही तेव्हा तुम्ही नळी तशीच मोकळ्या मातीकडे धरून ठेवलीत आणि आम्हाला साठपर्यंत मोजायला लावलंत, कारण दारू कधी उशिरा पेटते. तुमच्या कपाळावर घाम होता. आवाज मात्र शांत होता. घाबरलेल्या माणसाने कसं वागायचं असतं ते मी त्या साठ आकड्यांत शिकले.

पण खरं सांगू का? आपल्यावर आलेली संकटं आठवून बघा. वादळात चार दिवस वीज गेली तेव्हा काय उपयोगी पडलं? आईचं कपाट. प्रत्येक पाण्याच्या कॅनवर भरल्याची तारीख, माणशी दिवसाला ४ लिटरच्या हिशेबाने. विहीर गढूळ झाल्यावर पाणी तिने आधी फडक्यातून गाळलं, मग खळखळून उकळलं. सरपण भिजलं तेव्हा बिनवासाचं साधं ब्लीच काढलं. स्वच्छ पाण्याला लिटरमागे २ थेंब, गढूळ असेल तर ४, आणि अर्धा तास थांबायचं. शेजारच्यांनी थंडीमुळे पेटती शेगडी बंद खोलीत घेतली होती, ती तिने रात्री जाऊन बाहेर काढायला लावली. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही, हे तिला कुठून माहीत होतं कोण जाणे. दादाचा दंड काचेने चिरला तेव्हा तिने घडी केलेलं फडकं दाबून धरलं आणि मला घड्याळ बघायला बसवलं. रक्त थांबलं का म्हणून मी सारखी विचारत होते. ‘उघडून बघितलं की पुन्हा सुरू होतं,’ एवढंच ती बोलली.

आणि बाबांचा अंधाराचा सराव. न सांगता मेन स्विच बंद, आणि आम्ही चपला, टॉर्च आणि एकमेकांचा हात शोधून फाटकापाशी जमायचं. जो राहिला त्याला शोधायला परत आत जायचं नाही, बाहेरून हाक मारायची. मला वाटतं, आमच्या शाळेतल्या कुठल्याही धड्यापेक्षा तो सराव खोल गेला आहे. अजूनही परक्या ठिकाणी झोपण्याआधी मी दार किती पावलांवर आहे ते मोजते.

या सगळ्या वर्षांत संकट म्हणून बंदूक एकदाही कपाटाबाहेर आली नव्हती. आली ती त्या रात्री.

आई म्हणाली, वाऱ्याने मागचं दार आपटत होतं म्हणून ती कडी घालायला उठली. तुमची झोप मोडू नये म्हणून दिवा लावला नाही. तुम्ही आवाजाने जागे झालात. दोन्ही किल्ल्या आता एकाच खिळ्याला असतात, कारण आईला जुडगा कुठे ठेवला ते दोनदा आठवलं नव्हतं आणि तुम्ही सोय म्हणून तो आपल्या किल्लीशेजारी टांगला. त्या रात्री दुसऱ्या माणसाची गरज उरली नाही. तुम्ही ‘कोण आहे?’ विचारलंत, ती ‘मी आहे’ म्हणाली. तुम्ही पुन्हा विचारलंत, ती पुन्हा म्हणाली. तुमची डावी बाजू तिच्याकडे होती. तिसऱ्यांदा विचारलंत तेव्हा तिने चाचपडत बटण दाबलं.

काडतुसं बंदुकीत नव्हती, खिशात होती. तेवढी जुनी शिस्त शाबूत होती आणि त्याबद्दल मी कुणाकुणाचे आभार मानू कळत नाही. आई म्हणते, तुम्ही उजाडेपर्यंत उघडी दुनळी मांडीवर घेऊन खुर्चीत बसून होतात.

बाबा, तुमचा डावा कान त्या बंदुकीनेच घेतला आहे. बंदुकीच्या बाराचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो, आणि इतका मोठा आवाज एकदाच कानाशी झाला तरी कायमची इजा होऊ शकते. उजव्या खांद्याला दस्ता लावला की डावा कान नळीच्या तोंडाकडे येतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला राहतो. आमच्या कानांवर तुम्ही न विसरता संरक्षक पट्टा चढवायचात, स्वतःच्या कधी नाही. तुमच्या चौथ्या नियमाला, समोर कोण आहे ते ओळखायला, अंधारात डोळे आणि कान दोन्ही लागतात. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो आहे आणि आई त्याच डाव्या बाजूला झोपते.

म्हणून मी मागते आहे की बंदूक आता घरातून जाऊ द्या.

आणखी एक कारण आहे. ते लिहिताना माझा हात अडखळतो, पण गाळणार नाही. गेल्या वर्षी तुमचे मित्र गेल्यानंतर तुम्ही चार महिने कुणाशी धड बोलला नाहीत. अमेरिकेत दरवर्षी बंदुकीने जे मृत्यू होतात त्यांतले निम्म्याहून अधिक आत्महत्येचे असतात. मी तुमच्यावर संशय घेत नाही. माणसाच्या मनात अंधार येतो आणि बहुतेक वेळा तो निघूनही जातो, त्या वेळात बंदूक घरात नसावी एवढंच माझं म्हणणं. तसं काही कधी वाटलं तर रात्री कितीही वाजता मला उठवा. मी उचलेन आणि काही विचारणार नाही, नुसती ऐकेन.

तिच्याऐवजी काय, असं तुम्ही विचाराल. तयारी सोडा असं मी म्हणतच नाही. मला ती तुमच्या आजच्या वयाला बेतून द्यायची आहे. २० लिटरचा कॅन म्हणजे २० किलो, तो आता आईने उचलायचा नाही. ५ लिटरचे आणते. लोखंडी टॉर्चऐवजी डोक्याला बांधायचा हलका दिवा, म्हणजे दोन्ही हात कठड्याला मोकळे. ६५ वर्षांपुढच्या माणसांत दर तीन-चार जणांमागे एक जण वर्षातून एकदा तरी पडतो, तेव्हा पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर मंद दिवा आणि भिंतीला धरायचे दांडे. आई रक्त पातळ होण्याची गोळी घेते. तिच्या डोक्याला मार लागला तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात जायचं, वाट बघायची नाही. हे मी लाल शाईने लिहून दाराला लावणार आहे. बाबांचं इन्शुलिन: वीज गेली की फ्रिज उघडायचा नाही, बंद फ्रिज साधारण ४ तास गारवा धरतो. त्यापुढे काय करायचं ते डॉक्टरांकडून लिहून घेते. दोन आठवड्यांची औषधं जादा, कानाच्या यंत्राच्या बॅटऱ्या, जुना चष्मा, आणि औषधांची यादी मोठ्या अक्षरात. एक शिट्टी आईच्या उशाशी, एक बाबांच्या. तीन शिट्ट्या म्हणजे ‘ये’. शिट्टी उजव्या कानाला नक्की पोचते, मी घरी करून पाहिलं आहे, यंत्र काढून ठेवलेलं असतानासुद्धा. मागच्या दाराचा दिवा असा बसवून घेऊ की कुणी समोर आलं की आपोआप लागेल.

आणि हृदय बंद पडलं तर छातीवर दाब कसा द्यायचा ते मी शिकून आले आहे. मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान ५ सेंटिमीटर खोल. आई, तुझ्या मनगटांत तेवढा जोर राहिलेला नाही, म्हणून शेजारच्या मुलाला शिकवते. त्याने हो म्हटलं आहे.

मी शनिवारी येते आहे. परवान्याचे कागद काढून ठेवा. बंदूक घेऊन तडक कुठे जायचं नाही. आधी फोन करून कुणाकडे जमा करायची, केव्हा आणि कशी आणायची ते विचारू, मग तिघं मिळून जाऊ. दादाला मी विचारलं. त्याच्या घरात लहान मुलं आहेत, त्याला ती नको आहे. माझा मुलगा मागच्या खेपेला गाडीत सहज म्हणाला, ‘आजोबांची कपाटाची किल्ली खिळ्यावर असते.’ शनिवारपर्यंत आई, तुझं जुडगं खिळ्यावरून काढ आणि शेजारी ठेवायला दे. सापडलं नाही तर मला सांग, रागावणार नाही. काडतुसं मोजून वहीत १४ लिही आणि पुढे तारीख घाल.

बाबा, जाण्याआधी एकदा सफाई करू. मी तेल आणते. तुम्ही उघडा, आम्ही तिघं ‘रिकामी’ म्हणू, दादा फोनवरून म्हणेल. मग खिडकीकडे धरा. नळी स्वच्छ आहे का ते मी बघून सांगते.

तुमची,
धाकटी