सुतकातही फुले येतच राहिली

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

फुलांच्या ऑनलाइन विक्रीवरचा आपला लेख काल वाचला आणि आज सकाळी देवपूजा आटोपताच हे पत्र लिहायला बसले. नाक्यावरच्या फुलवाल्यांनी काळाबरोबर बदलायला हवे, नाहीतर ते टिकणार नाहीत, असे लेखकाने बजावले आहे. आमच्या स्टेशनबाहेरच्या फुलवालीच्या पाटीला पैसे भरण्याचा क्यूआर कोड कधीचाच चिकटवलेला आहे आणि हारांच्या ऑर्डरी ती व्हॉट्सअ‍ॅपवर घेते. तिने आणखी काय बदलायचे, हे लेखकाने सांगितले असते तर बरे झाले असते.

माझ्या मनाला लागलेली गोष्ट वेगळी आहे आणि तिच्यात चूक माझीही आहे. गेल्या वर्षी बंगळुरूच्या माझ्या मुलीने, आईला त्रास नको म्हणून, एका मोठ्या कंपनीकडे रोजच्या पूजेच्या फुलांचे महिन्याचे पैसे भरून टाकले. पहिला महिना निम्म्या दरात होता. बावीस वर्षे दाराच्या कडीला अडकवली जाणारी फुलपुडी मी त्या मोहात बंद केली. फुलवालीने कारणही विचारले नाही, खाडे वजा करून हिशेब सांगितला आणि ती गेली.

मार्गशीर्षात माझ्या थोरल्या दिरांचे निधन झाले. घरात दहा दिवसांचे सुतक, देवपूजा बंद, आणि दारात मात्र रोज पहाटे प्लास्टिकच्या डबीतली झेंडू-शेवंती टांगलेली. कंपनीला कळवायला गेले तर फोनवर माणूस मिळेना, आणि मोबाइलवरच्या तक्रारींच्या यादीत ‘फुले शिळी होती’, ‘फुले मिळाली नाहीत’, ‘फुले उशिरा आली’ एवढेच पर्याय. घरात माणूस गेले आहे, हे सांगायला त्या यादीत जागा नव्हती. तिसऱ्या दिवशी वॉचमनला हात जोडून सांगितले की, आमचा हात लागण्याआधीच त्या डब्या उचलून कोपऱ्यावरच्या देवळात देत जा. दहाही दिवसांचे पैसे अर्थातच कापले गेले.

माझे सासरे गेले तेव्हा याच फुलवालीला आम्ही काही कळवले नव्हते. इमारतीखाली माणसे जमलेली पाहून तिने पुडी आपणहून थांबवली आणि तेराव्याला फोटोसाठी निशिगंधाचा हार घेऊन आली. सोमवारी बेल, मंगळवारी जास्वंद, संकष्टीला दूर्वा, शनिवारी रुईच्या पानांचा हार, हे तिला कधी सांगावे लागले नाही. कंपनीने संकष्टीला पाठवलेल्या दूर्वा म्हणजे चक्क बागेतल्या लॉनचे कापलेले गवत होते. तीन पात्यांची एकही दूर्वा त्यात नव्हती.

लेखात ‘स्पर्धा’ हा शब्द अनेकदा आला आहे. पुष्पगुच्छांच्या बाबतीत या कंपन्या पुष्कळदा ऑर्डर फक्त घेतात. गुच्छ बांधतो आणि पोहोचवतो तो जवळचाच फूल दुकानदार, आणि ग्राहकाने मोजलेल्या पैशांतून कंपनीचा वाटा वजा होऊन उरलेले त्याच्या हाती पडते. ज्याच्या हातचे काम विकायचे, त्यालाच मागासलेला म्हणायचे, हे मला पटत नाही.

आणि स्पर्धेचाच विषय काढला आहे तर आणखी एक गोष्ट लिहिते. पहाटेच्या पहिल्या लोकलच्या मालडब्यातून दादरच्या फूलबाजारात जाऊन ही बाई माल आणते, साडेसहाला पाटी लावते, आणि एखाद्या दिवशी अतिक्रमणविरोधी पथकाची गाडी ती पाटी मालासकट उचलून नेते. पथविक्रेत्यांसाठी 2014 साली केंद्राने केलेल्या कायद्यात, सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाला हटवू नये असे म्हटले आहे, आणि जप्त केलेला नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत द्यावा, असेही त्यात आहे. गणपतीच्या आदल्या दिवशी उचललेली तिची पाटी चौथ्या दिवशी परत मिळाली, तेव्हा झेंडूचा चिखल झाला होता. त्याच फुटपाथवर घरपोच माल देणाऱ्यांच्या दुचाकी दिवसभर उभ्या असतात. मुलांवर माझा राग नाही, तीही पोटासाठीच धावतात. पण ते पथक त्या गाड्यांकडे वळूनही पाहत नाही.

सुतक फिटल्यावर मी स्वतः स्टेशनवर जाऊन पुडी पुन्हा सुरू केली. ती एवढेच म्हणाली, “बाई, उद्या गुरुवार आहे, पिवळी शेवंती घालते.”

आपल्या लेखात कंपन्यांच्या अधिकाऱ्यांची मते आहेत, एकाही फुलवालीचे नाही. आपल्या प्रतिनिधीने एकदा तिच्याशी बोलावे, ही विनंती. यायचे झाल्यास सातच्या आत यावे, कारण त्यानंतर ती पुड्या टाकायला इमारतींमध्ये गेलेली असते.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका