डीएचच्या (डिसेक्शन हॉलच्या) मामांना

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, परवा आमच्या बॅचच्या ग्रुपवर तुमच्या निरोप समारंभाचा फोटो आला. साठ पूर्ण झाली, हॉल सांभाळायची नोकरी संपली. हातात शाल-श्रीफळ आणि मागे डिसेक्शन हॉलचा, जिथे आम्ही देह उघडून शरीररचना शिकलो त्याचा, तोच लोखंडी दरवाजा. मी ओपीडीत होतो. पुढचा पेशंट समोर येऊन बसला तरी नजर फोनवरून हलेना. तुमच्याकडे साधा फोन आहे, पण तुमची नात हे वाचून दाखवेल. आणि चार लोकांनीही वाचावं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

२००७ साली सीईटीतून मेडिकलला माझा नंबर लागला. दहावीपर्यंत मराठी माध्यम. बारावी सायन्स इंग्रजीतून केलं, पण ते पेपर लिहिण्यापुरतं. तोंडाने उत्तर द्यायची वेळ कधी आलीच नव्हती. अ‍ॅनाटॉमीच्या पहिल्याच व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हातात ह्यूमरस आला. दंडाचं हाड. उजवं की डावं, एवढाच प्रश्न. माझ्या तोंडून शब्द फुटेना. मागे कुणीतरी हसलं. सरांनी हाड काढून घेतलं आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

संध्याकाळी मी हॉलच्या पायरीवर बसलो होतो. रात्रीच्या एसटीने गावी परत जायचं मनात पक्कं झालं होतं. तुम्ही कुलूप लावायला आलात. काही विचारलं नाहीत. आत जाऊन एक ह्यूमरस आणलात आणि माझ्या हातात दिलात. "हे बघ, गोल डोकं वर आणि आतल्या अंगाला. खालची खोल खाच मागं. आता सांग, कुठल्या हाताचं?" मी ते माझ्या दंडाला लावून पाहिलं. म्हणालो, उजव्या. तुम्ही म्हणालात, "आता हेच इंग्लिशमधून म्हण. मला ती भाषा कळत नाही, चुकलास तरी मी हसणार नाही."

त्यानंतर कितीतरी दिवस, साडेपाचला हॉल बंद झाला की तुम्ही स्टुलावर आणि मी समोर. स्कॅप्युला, क्लॅव्हिकल, मनगटाची आठ हाडं. देह टिकवायच्या फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरायचे, हातांचा वास जेवतानाही जायचा नाही. दरवर्षी नव्या मुलांचं ऐकून ऐकून तुम्हाला पाठ झालं होतं ते सगळं तुम्ही मला मराठीत दिलंत, आणि मी ते इंग्रजीत बोलायला शिकलो. पुढच्या व्हायवात मी पास झालो. मार्क किती मिळाले ते विसरलो, बाहेर आल्यावर तुम्ही लांबूनच मान हलवून "काय झालं?" विचारलंत, ते विसरलो नाही.

त्या वर्षीची खंडेनवमी तर अजून डोळ्यांपुढे आहे. स्काल्पेल, चिमटे, हाडं कापायची करवत, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडलेलं, हळदकुंकू, झेंडूची फुलं. एवढी पूजा गावाकडे आमच्याही घरी असते, नांगराची नि विळ्या-कोयत्याची. पण तुम्ही उरलेली फुलं घेऊन एकेका टेबलापाशी गेलात आणि प्रत्येक देहाच्या पायाशी एक फूल ठेवलंत. आम्ही गप्प झालो. १९४९ च्या कायद्यानुसार बेवारस देह मेडिकल कॉलेजला देता येतात, हे आम्हाला लेक्चरला शिकवलं होतं. तुम्ही म्हणालात, "ह्यांचं कुणी आलं नाही. मग आपणच ह्यांचे." दुसऱ्या दिवसापासून टेबलावर वही-पिशवी ठेवायची आमच्या बॅचला कधी कुणाला मनाई करावी लागली नाही.

आणि मग गॅदरिंग. तुम्हाला आठवत असेल, एकांकिकेच्या तालमीला जागाच नव्हती. सभागृह आठला बंद. डॉ. श्रीराम लागू, डॉ. जब्बार पटेल, डॉ. मोहन आगाशे हे तिघेही पुण्याच्या बी. जे. मेडिकलचे, मग आपण का नाही, असं म्हणून सिनियर्सनी नाटक तर बसवायला घेतलं होतं, पण उभं राहायचं कुठे? तुम्ही हॉलबाहेरचा लांब व्हरांडा उघडून दिलात. ड्युटी कधीच संपलेली, तरी अकरा-साडेअकरापर्यंत कोपऱ्यात बसून राहायचात, कारण किल्ली तुमच्या जबाबदारीची होती. मी प्रॉम्प्टर. पुढे यायची हिंमत नव्हती, तेवढंच काम मागून घेतलं होतं. प्रयोगाला चार दिवस असताना पाटलाचं काम करणारा मुलगा मलेरियाने ॲडमिट झाला. सगळे डोक्याला हात लावून बसले, तेव्हा तुम्ही कोपऱ्यातून म्हणालात, "हा रोज मागनं अख्खं नाटक म्हणतोय की. ह्यालाच पुढं उभा करा."

त्या रात्री पडदा पडल्यावर सगळं सभागृह "आवाज कुणाचा!" म्हणून ओरडत होतं, आणि मला उमगलं की त्यात माझाही आवाज आहे. त्यानंतर मी वर्गात प्रश्न विचारायला लागलो, मेसमध्ये एकटा बसेनासा झालो. माणसांत आलो. मामा, मला माणसांत तुम्ही आणलंत.

मावशींनाही नमस्कार सांगा. रविवारी संध्याकाळी मेस बंद असायची आणि आमच्यातले चार-पाच जण बिस्किटांवर रात्र काढायचे, हे त्यांना कुठून कळलं कोण जाणे. ज्वारीच्या भाकऱ्या, ठेचा आणि कधी पिठलं, फडक्यात बांधून तुमच्या सायकलला अडकवलेलं असायचं. तुमच्या पगारात ते सोपं नव्हतं, हे मला स्वतःचं घर चालवायला लागल्यावर कळलं.

२०१९ पासून एमबीबीएसच्या पोरांना सुरुवातीलाच फाउंडेशन कोर्स असतो. भाषा, खेळ, कॉलेजची ओळख, सगळं त्यात येतं. फार चांगलं झालं. माझ्या वेळी तो कोर्स एका स्टुलावर बसून तुम्ही घेतलात, आणि त्याची कुठेही नोंद नाही. ती नोंद व्हावी, एवढ्यासाठी हे लिहायला बसलो.

२०१३ मध्ये इंटर्नशिप संपवून निघालो तेव्हा तुम्ही रजेवर होता. पुढच्या आठवड्यात येऊन भेटू म्हणून मी गेलो, आणि तो आठवडा आजतागायत आला नाही. त्याची मला फार खंत आहे. आता मी ग्रामीण रुग्णालयात आहे. इथे शिकायला येणाऱ्या नर्सिंगच्या मुली तोंड उघडायला घाबरतात. मी त्यांना आधी मराठीत सांगायला लावतो.

या खंडेनवमीला तुमच्या गावी येतोय. बायको आणि मुलगा बरोबर असतील. मुलाला तुम्हाला भेटायचंय, त्याने तुमच्याबद्दल सगळं ऐकलंय. मावशींना म्हणावं, भाकरी आणि ठेचा, दुसरं काही करू नका. झेंडू आमच्या परसातला घेऊन येतो.

तुमचा,
२००७ च्या बॅचचा पाटील